स्पॅनिश शिकतेयस ना, मग मधलं इंग्रजी आधी बाजूला कर

पत्र (थोडं छोटं करून):

ताई, मी आठ महिन्यांपासून स्पॅनिश शिकतेय. रोज पंधरा मिनिटं ॲप, एकही दिवस चुकवलेला नाही, आणि आठवड्यातून एकदा ऑनलाइन क्लास, तिथले सर माद्रिदचे आहेत. मध्यंतरी एक लँग्वेज पार्टनर मिळाली, अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरातली. तिला इंग्रजी सुधारायचंय, मला स्पॅनिश, म्हणून आम्ही व्हिडिओ कॉल करतो. ॲपवर माझं सगळं बरोबर येतं पण ती बोलायला लागली की मला एक अक्षर कळत नाही. सर एक शिकवतात आणि ती भलतंच काहीतरी बोलते. ते जेंडर, ते सब्जंक्टिव्ह, सगळं डोक्यावरून जातं. आणि गेल्या कॉलला तर घोळच झाला. तिच्या घरचे सगळे एकाच भांड्यातून, एकाच नळीने माते पीत होते, मी पटकन इंग्रजीत बोलून गेले की सगळ्यांची एकच नळी, किळस नाही येत का, आणि ती गप्पच झाली. शिवाय ती नवऱ्याला सारखं 'गोर्दो' म्हणजे जाड्या म्हणते ते मला ऐकवत नाही, आणि तिच्या आईला मी आदराने 'उस्तेद' म्हटलं तर त्या म्हणाल्या मला असं परकं करू नकोस. संस्कृती समजावी म्हणून मी फ्लेमेंको, बुलफाइट, डे ऑफ द डेड सगळ्याचे व्हिडिओ बघितलेत, तरी हे असं. माझं वय ४३. मला जमणारे का हे? आणि स्पॅनिशची ती डेले नावाची परीक्षा देऊ का?

– अडखळलेली

अगं मैत्रिणी,

आधी मातेचं बोलू, कारण पत्र वाचताना सरळ कळतं की बाकी सगळे प्रश्न नंतरचे आहेत आणि तुझा जीव तिथे अडकलाय.

माते म्हणजे येर्बा माते नावाच्या झाडाची पानं, वाळवून भरडलेली. मूळचं हे ग्वारानी लोकांचं पेय, आणि ते लोक कुठे इतिहासात हरवलेले नाहीत हं, त्यांची भाषा आजही जोरात बोलली जाते, पॅराग्वेत तर १९९२ च्या राज्यघटनेपासून ती स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत आहे. तर ती पानं एका छोट्या भांड्यात भरतात, त्या भांड्यालाही मातेच म्हणतात, त्यात धातूची एक नळी खोचतात आणि वरून गरम पाणी, उकळतं नाही, उकळतं पाणी घातलं की पानं जळतात आणि सगळं कडू होतं. आता नीट बघ काय चालतं ते. पाणी घालणारा माणूस एकच असतो. तो पहिला घोट स्वतः घेतो कारण पहिलं पाणी सगळ्यात कडू निघतं, मग परत पाणी भरून शेजारच्याला देतो, शेजारचा ते पूर्ण संपवतो, नळीतून सुर्र असा आवाज येईपर्यंत, आणि भांडं परत त्याच्याच हातात देतो, तो पुन्हा भरतो, पुढच्याला देतो. असं तासन्‌तास. नळी हलवायची नाही. आणि 'ग्रासियास' म्हणायचं नाही, कारण तिथे भांडं परत देताना ग्रासियास म्हटलं तर त्याचा अर्थ होतो 'बस, आता मला नको'. नवीन माणूस सभ्यपणे प्रत्येक वेळी आभार मानतो आणि मग त्याला कळतच नाही की आपल्याला पुढच्या फेरीत वगळलं का.

म्हणजे तू ज्याला एक नळी म्हणालीस तो त्यांचा एकत्र बसण्याचा प्रकार आहे. तिने कॅमेऱ्यासमोर घरच्यांना बसवून तुला ते दाखवलं याचाच अर्थ तुला तिने त्या गोलात बसवलं होतं. म्हणून ती गप्प झाली. रागावली असेल असं मला नाही वाटत, हिरमुसली असेल.

पण तू काही न विचारण्यासारखं विचारलंस असंही नाही. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा अर्जेंटिनाच्या सरकारनेच लोकांना सांगितलं होतं की माते एकमेकांत फिरवू नका, ज्याने त्याने आपापलं प्या, आणि लोकांना ते फार जड गेलं होतं. म्हणजे स्वच्छतेचा प्रश्न त्यांनाही माहितीये. फरक पडला तो विचारण्याच्या पद्धतीने. तेव्हा आता एवढंच कर, कॉलची वाट बघू नकोस, तिला व्हॉइस मेसेज पाठव: 'एल ओत्रो दिआ प्रेगुन्ते माल. नो कोनोसीआ ला कोस्तुम्ब्रे देल माते. मे कोन्तास कोमो एस एन तु कासा?' म्हणजे त्या दिवशी मी नीट विचारलं नाही, मला मातेची पद्धत माहीत नव्हती, तुमच्या घरी कसं असतं ते सांगशील का. लांबलचक माफी मागत बसू नकोस. विषय तिच्या हातात दे, ती बोलेल, आणि खूप बोलेल.

आता यातली एक गोष्ट मला खुपली ती अशी की ते वाक्य तुझ्या तोंडून इंग्रजीत आलं. आणि पूर्ण पत्र वाचल्यावर मला जाणवलं की तुझ्या आणि स्पॅनिशच्या मध्ये सगळीकडे इंग्रजी उभं आहे. ॲप इंग्रजीतून, व्याकरणाचे नियम इंग्रजीतून, व्हिडिओ इंग्रजीतून, पार्टनरशी गाडी अडली की इंग्रजी. त्यामुळे होतं काय, जे इंग्रजी माणसाला अवघड जातं ते तुला अवघड म्हणून शिकवलं जातंय, तूही इमानेइतबारे घाबरतेयस, आणि तुझी स्वतःची भाषा जिथे तुला अलगद पलीकडे पोचवू शकते ती तू वापरतच नाहीयेस. मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवतेय आणि मराठी मुलांमध्ये हे मी सतत बघते. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण अर्धी भीती उसनी असते.

बघ ना. 'मे गुस्ता एल लिब्रो'. इंग्रजीतून शिकवताना यावर पूर्ण धडा असतो, की इथे वाक्य उलटं आहे, आवडणारी वस्तू कर्ता आहे, माणूस नाही, लक्षात ठेवा वगैरे. अगं पण 'मला पुस्तक आवडतं' हे तू जन्मापासून बोलतेयस. पुस्तकं जास्त असली की 'आवडतात', तिकडेही 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. डोकं दुखतं तेही तसंच, 'मे दुएले ला काबेसा', माझं डोकं दुखतं, तिथेही दुखणारं डोकंच कर्ता. यात शिकायचं काय आहे, फक्त शब्द बसवायचे.

किंवा तो माणसाच्या आधी लागणारा 'आ'. 'बेओ ला कासा' पण 'बेओ आ आना'. इंग्रजीवाले म्हणतात हा काय विचित्र प्रकार. तू म्हणून बघ: मी घर बघते, मी आनाला बघते. घराला 'ला' लावलं नाहीस, आनाला लावलंस. का लावलंस ते तुला कुणी शिकवलं नव्हतं.

भूतकाळाचंही तेच. 'फुई' म्हणजे गेले, 'ईबा' म्हणजे जायचे. लहानपणी मी रोज तिथे जायचे आणि एकदा मी तिथे गेले, या दोन वाक्यांतला फरक तुला कळतो ना, झालं, स्पॅनिशचे ते दोन भूतकाळ बऱ्याच ठिकाणी तिथेच पडतात. आणि ज्याची तुला सगळ्यात धास्ती आहे तो सब्जंक्टिव्ह, 'किएरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. हे 'यावंस' बघ. ते 'येतेस' नाहीये. घडलेलं नाही, घडावं अशी इच्छा आहे, म्हणून क्रियापदाने रूप बदललं. सगळी रूपं अशी एकास एक जुळणार नाहीत, पुढे शंका, भीती, 'जर-तर' यांत वेगळे नियम येतात, पण दार तुझ्यासाठी उघडंच आहे.

जेंडरचं तर काय सांगू. पुस्तक पुल्लिंगी का आणि टेबल स्त्रीलिंगी का असा प्रश्न इंग्रजीतून आलेल्या माणसाला पडतो. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, त्यांच्याकडे दोनच. फक्त शब्द पाठ करताना 'एल' किंवा 'ला' सकट पाठ कर, एकटा शब्द कधीच नको, कारण फसवे शब्द आहेत, 'ला मानो' स्त्रीलिंगी आहे शेवटी ओ असून, आणि 'एल प्रोब्लेमा', 'एल दिआ' पुल्लिंगी शेवटी आ असून.

उच्चारातही तू पुढे आहेस आणि तुला पत्ताच नाही. स्पॅनिशचा त आणि द आपल्यासारखाच दातांवर जीभ टेकवून होतो, तोदो म्हणजे तोदो, टोडो नाही. इंग्रजीतून शिकलेल्या माणसाचे त्यात महिने जातात. कॉलवर तू इंग्रजीच्या सवयीने ट-ड करतेस का ते रेकॉर्ड करून ऐक एकदा. करत असशील तर आजपासून बंद.

मराठी कुठे कामाला येणार नाही तेही सांगते, नाहीतर मी अर्धवट सांगितल्यासारखं होईल. 'सेर' आणि 'एस्तार'. आपल्याकडे दोन्हीला बहुतेक वेळा 'आहे'. आणि कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार, हा जो नियम सगळीकडे सांगतात तो पहिल्या आठवड्यापुरता ठीक आहे, त्यापुढे तो दगा देतो. माद्रिद स्पेनमध्ये आहे, हे काय तात्पुरतं आहे? तरी तिथे एस्तार. माणूस वारलेला आहे, तिथेही एस्तार. मग कसं करायचं, तर जोड्यांनी शिकायचं. 'आना एस आबुर्रीदा' म्हणजे आना कंटाळवाणी बाई आहे, 'आना एस्ता आबुर्रीदा' म्हणजे आना कंटाळलीये. वस्तू कुठे आहे ते एस्तार, पण कार्यक्रम कुठे आहे ते सेर, 'ला फिएस्ता एस एन मि कासा'. अशा जोड्या वहीत लिहीत जा आणि पार्टनरला विचारून वाढव. वेळ लागेल इथे, लागू दे.

आता ऐकू न येण्याचं. तू लिहिलंयस की एक अक्षर कळत नाही, मला ते पटतं, आणि त्याचं कारण तुझ्या डोक्यात नाही, ॲपमध्ये आहे. ॲप तुला शब्द सुटे सुटे ऐकवतं. खरा माणूस शब्द जोडून बोलतो. 'के बास आ आसेर एस्ता तार्दे', आज संध्याकाळी काय करणारेस, हे पाच-सहा शब्द तुला वेगवेगळे विचारले तर सगळे येतात. पण ती म्हणते 'केबासासेर', दोन आ एकमेकांत मिसळले, आणि रोसारियोच्या लोकांची व्यंजनाआधीची स अर्धवट हवेत जाते म्हणून एस्ता होतं 'एह्ता'. म्हणजे तुझ्या कानावर 'केबासासेरेह्तातार्दे' असा एक अखंड शब्द पडतो जो कुठल्याच डिक्शनरीत नाही. तुला वाटतं ती फार फास्ट बोलते, तर हो, बोलतेच. २०११ साली भाषांच्या वेगावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता त्यात स्पॅनिश सेकंदाला जवळपास ८ अक्षरं आणि इंग्रजी ६ च्या थोडी वर निघाली होती, पण एका सेकंदात पोचणारी माहिती मात्र साधारण सारखीच. म्हणजे स्पॅनिशची अक्षरं जास्त पण प्रत्येकात माल कमी. प्रत्येक अक्षर पकडायची गरजच नाहीये.

यावर उपाय मी एकच सांगेन, कंटाळवाणा आहे पण काम करतो. पार्टनरला सांग अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठव, कशाबद्दलही, आज काय केलं वगैरे. तो ऐक आणि जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिही. हो, देवनागरीतच, कारण तिच्यात तुला आवाज जसाच्या तसा धरता येतो. मग तिच्याकडून तेच स्पॅनिशमध्ये लिहून घे आणि दोन्ही शेजारी ठेव. कुठे दोन शब्द चिकटले, कुठे स गेला, ते तुझं तुलाच दिसेल. मग तो मेसेज लावून तिच्याबरोबर बोल, तिच्याच चालीत, लाज न बाळगता. आठवड्यातून असे तीन मेसेज जरी केलेस तरी कान बदलतो.

तासांचा हिशोबही एकदा कर बाई. रोज पंधरा मिनिटं आठ महिने म्हणजे साधारण ६० तास. क्लास धरला तरी शंभराच्या आत-बाहेर. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या डिप्लोमॅट्सना भाषा शिकवतं, त्यांचा अंदाज आहे की इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला स्पॅनिशमध्ये कामकाज नीट जमायला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात, आणि स्पॅनिश त्यांच्या सगळ्यात सोप्या गटात आहे बरं का. तेव्हा शंभर तासांत रोसारियोच्या घरातल्या गप्पा कळत नाहीत यात तुझं काहीही चुकलेलं नाही. आणि वयाचं म्हणशील तर ४३ हे काही कारण होत नाही, उच्चार लहान मुलासारखा पूर्ण तिथला होणार नाही कदाचित, बाकी सगळं होतं. पुढे जाऊ.

सर की पार्टनर, बरोबर कोण? दोघंही. सर 'ग्राथियास' म्हणतात, ती 'ग्रासियास' म्हणते. सर रस्त्याला 'काये' म्हणतात, ती 'काशे' म्हणते. 'तू आहेस' याला सर 'तू एरेस' शिकवतात, ती 'बोस सोस' म्हणते. सरांचं मित्रमंडळीला उद्देशून असलेलं 'बोसोत्रोस' अख्ख्या लॅटिन अमेरिकेत कुणी रोजच्या बोलण्यात वापरत नाही, तिथे सगळ्यांना 'उस्तेदेस'. आणि तिची बोस-ची रूपं, तेनेस, केरेस वर शेवटी जोर, ती काही अशुद्ध किंवा गावठी नाहीत, अर्जेंटिनात शिकलेसवरलेले लोक, टीव्ही, पेपर सगळे तसंच बोलतात-लिहितात. स्पॅनिशची जुनी अकादमी माद्रिदला १७१३ साली झाली हे खरं, पण १९५१ पासून वेगवेगळ्या देशांच्या अकादम्यांची एकत्र संघटना आहे, आज त्यात २३ अकादम्या आहेत आणि डिक्शनरी, व्याकरण त्या मिळून काढतात. सगळ्यात जास्त स्पॅनिश बोलणारा देश तर मेक्सिको आहे. त्यामुळे माद्रिदचं ते खरं असं मनातून काढून टाक. (सरांनी तसं सुचवलं असेल तर त्यांच्याशी वाद घालू नकोस, क्लासपुरतं त्यांचं ऐक.)

पण बोलताना एकच काहीतरी धर. माझं मत विचारशील तर रोसारियोचं धर. कारण तू गप्पा तिच्याशी मारतेस, भाषा माणसाच्या तोंडून येते तेव्हाच ती अंगवळणी पडते. बोस म्हणालीस तर मेक्सिकोत, स्पेनमध्ये सगळीकडे कळतं. सरांचं तू कानाला कळू दे, तोंडात नाही आलं तरी चालेल.

आता उस्तेद. तू आदराने म्हणालीस आणि त्या बाईंना ते परकं वाटलं, यात तुझा हेतू चुकला नाही, अंदाज चुकला. उस्तेद म्हणजे आपलं 'तुम्ही' हे समीकरण अर्धंच खरं आहे. अर्जेंटिनात माणसं लवकर बोसवर येतात, मैत्रिणीची आईसुद्धा. आणि तिकडे कोलंबियात, बोगोटाला, सख्खी भावंडं एकमेकांना उस्तेद म्हणताना ऐकू येतात आणि त्यात काडीचाही दुरावा नसतो. म्हणजे एकाच शब्दाचं वजन देशागणिक बदलतं. पण हेही तुला परकं वाटायला नको, आपण आईला 'अगं तू' म्हणतो म्हणून आदर कमी असतो का? तेव्हा पुढच्या वेळी सुरुवात उस्तेदनेच कर, ते सुरक्षित आहे, आणि समोरच्याने बोस म्हण म्हटलं की लगेच म्हण. परत परत उस्तेदवर गेलीस तर मात्र खरंच अंतर ठेवल्यासारखं होईल.

गोर्दोबद्दल. तिच्या नवऱ्याला वाईट वाटत नसेल तर आपण का वाटून घ्यायचं? अर्जेंटिनात गोर्दो, फ्लाका, म्हणजे जाड्या, लुकडी, ही लाडाची हाक आहे, कधीकधी माणूस जाडा नसला तरी गोर्दोच. रोसारियोचेच सेसार लुईस मेनोत्ती, १९७८ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या अर्जेंटिना टीमचे कोच, त्यांना अख्खा देश 'एल फ्लाको' म्हणायचा, प्रेमाने आणि आदरानेही. इंग्रजीतून बघितलंस की ते बॉडी शेमिंग दिसतं, आणि तू त्याच चष्म्यातून बघितलंस. फक्त एक सांगते, तू स्वतः असे शब्द वापरायची घाई करू नकोस. हाक मारायचा हक्क जवळच्या माणसाचा असतो. ती तुला कधी फ्लाका म्हणाली तर मात्र खुशाल आनंद मान.

राहिले तुझे व्हिडिओ. बघ, फ्लेमेंको मुख्यतः दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचं. डे ऑफ द डेड मेक्सिकोचं, १ आणि २ नोव्हेंबरला, रोसारियोला त्याचा काय संबंध. बुलफाइट म्हणशील तर त्यावर त्यांच्यातच केवढी भांडणं आहेत, स्पेनमधल्याच कातालुन्या प्रांताच्या संसदेने २०१० मध्ये बंदी घातली, २०१६ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली, कोलंबियाने २०२४ मध्ये कायदा करून २०२७ पासून बंदी ठरवली. म्हणजे जे तू 'त्यांची संस्कृती' म्हणून बघितलंस त्यावर त्यांचंच एकमत नाही. १२ ऑक्टोबर घे, कोलंबस पोचला तो दिवस. स्पेनचा तो राष्ट्रीय दिवस. अर्जेंटिनाने २०१० मध्ये त्याचं नाव बदलून सांस्कृतिक विविधतेच्या आदराचा दिवस केलं. तारीख तीच, भाषा तीच, आणि बघणं पार वेगळं. वीसेक देशांत अधिकृत असलेल्या भाषेची एक संस्कृती असेल कशी?

हे व्हिडिओ परदेशी टुरिस्टसाठी बनवलेली यादी आहे आणि ती यादीसुद्धा इंग्रजीतूनच तुझ्याकडे आली. मी म्हणेन ते सगळं काही दिवस बंद ठेव आणि समोर जी बाई आहे तिला विचार. तुझ्या पत्रात रोसारियोबद्दल त्या नावापलीकडे एक ओळ नाही, हे मला फार जाणवलं. मोठं शहर आहे, पाराना नदीच्या काठावर. अर्जेंटिनाचा झेंडा पहिल्यांदा १८१२ मध्ये तिथेच फडकवला, मानुएल बेलग्रानो नावाच्या माणसाने, त्याचं भलंमोठं स्मारक नदीकाठी आहे. मेस्सी तिथला. चे गेवारा जन्मला तिथे. नुसतं नदीबद्दल विचारलंस ना तरी अर्धा तास जाईल.

आणि विचारताना देशाबद्दल विचारू नकोस, घराबद्दल विचार. 'अर्जेंटिनात लोक असं का करतात' असं विचारलं की माणूस एकदम वकील होतो, बाजू मांडायला लागतो, किंवा पुस्तकी उत्तर देतो. 'तुझ्या घरी कसं असतं', 'तुझी आजी पण असंच करायची का', 'तुला स्वतःला हे आवडतं का' असं विचार. रविवारी जेवायला कोण कोण येतं, जेवण झाल्यावर किती वेळ टेबलावर बसता, कारण त्या सगळ्याच देशांत जेवणानंतर न उठता गप्पा मारत बसण्याला फार किंमत आहे, आणि जेवल्या जेवल्या उठून गेलेला माणूस घाईत किंवा नाराज वाटू शकतो. लग्नात कुणाला बोलावलं होतं, शेजाऱ्यांशी कसं आहे, मुलांना काय म्हणून रागावतात. यात तुला सगळी क्रियापदं, सगळे काळ आपोआप वापरावे लागतील, वेगळा व्यायाम नको. आणि ती जे सांगेल ते एका घराचं म्हणून ऐक. ब्वेनोस आयरेसची दुसरी बाई वेगळं सांगेल, तीही खोटं बोलत नसेल.

स्वतःबद्दलही सांग की. तिला काय विचित्र वाटतं तुझ्यातलं, ते विचार. ती पण घाबरून गप्प बसत असेल काही ठिकाणी. कॉलचा अर्धा वेळ इंग्रजी अर्धा स्पॅनिश असा घड्याळ लावून वाटून घ्या, आणि स्पॅनिशच्या अर्ध्या वेळात अडलीस तर इंग्रजीत उडी मारायची नाही, 'कोमो से दीसे' म्हणून हाताने दाखव, गोल गोल फिरून सांग, चित्र काढ. शब्द सुचत नाही तेव्हा तो दुसऱ्या शब्दांत सांगता येणं हीच मोठी कमाई आहे, ॲपमध्ये त्याला मार्क नाहीत म्हणून आपल्याला ते कळत नाही.

परीक्षेचं शेवटी. डेले ही इन्स्तितूतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची परीक्षा, ए१ पासून सी२ पर्यंत सहा लेव्हल, आणि एकदा पास झालीस की सर्टिफिकेट कायमचं, त्याला एक्सपायरी नाही. नोकरी किंवा शिक्षणासाठी कागद हवा असेल तर उपयोगी आहे, पण तुझ्या पत्रात तसं कुठलंच कारण दिसलं नाही. मग आत्ता ए१, ए२ साठी पैसे घालवू नकोस. वर सांगितलेलं वर्षभर कर, मग बी१ चा नमुना पेपर घरी वेळ लावून सोडवून बघ, ऐकण्याचा भाग बऱ्यापैकी सुटला तर फॉर्म भर. त्या परीक्षेत लॅटिन अमेरिकेतले आवाजही असतात, त्यामुळे रोसारियोचा तुझा कान तिथे वाया जाणार नाही. तोंडी परीक्षेत बोस वापरलं तरी चालतं, फक्त एकदा बोस धरलंस की शेवटपर्यंत बोसच ठेव, मध्येच तूवर घसरू नकोस. आणि ॲप सोडायची गरज नाही, शब्द पाठ करायला ते बरं आहे, रोज पाच मिनिटं कर आणि उरलेली दहा त्या व्हॉइस मेसेजना दे.